पोटफोड्या ष

चेंदवणकर, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी,
रात्री नऊला दार वाजवून आत आले.
हातात प्रिंटआउट. म्हणाले, काका,
तुम्ही पेपरात होतात, एवढं शुद्धलेखन बघा.

मी चष्मा शोधला. ऐरोलीत त्या वेळी
ओहोटीच्या खाडीचा वास खिडकीशी येऊन बसतो,
पंखा लावला तरी उठत नाही.

नोटीस बरी होती. टाकीच्या दुरुस्तीचा हिशोब,
थकबाकी, खोली नंबर, नाव.
एकच नाव. खरटमल, बी-अकरा, चौदा महिने.
आणि खाली, ठळक अक्षरांत:
‘यांच्यामुळे संस्थेवर नामुश्की ओढवली आहे.’

शहामृगातला श. मी तो खोडला,
समासात लाल पेनने ष काढला,
त्याचं पोट नीट फोडलं.

एकतीस वर्षं, खोपटच्या प्रेसात,
हा शब्द माझ्या हाताखालून गेला.
डावाने हरलेल्या संघावर ओढवायचा,
अनामत गमावलेल्या उमेदवारावर,
एकदा तर वीज तोडलेल्या सरकारी कचेरीवर.
नेहमी ओढवायचाच.
अब्रू जाते, फजिती होते, नाक कापलं जातं,
हसं होतं, आणि आपल्याकडे तर
शोभासुद्धा होते.
नामुष्कीचं क्रियापद मात्र वादळासारखं, वरून येणारं.
कुणी केली, हे वाक्यात बसतच नाही.

आमचे उपसंपादक पाध्येगुर्जर
तपकिरीची चिमूट धरून सांगायचे:
नामूस म्हणजे अब्रू.
फारसीतून निघाला तेव्हा अब्रूच होता हो,
वाटेत कुणी लुटला कोण जाणे.

माझ्यावरही एकदा ओढवली.
टेमकरांच्या सत्काराची जाहिरात,
‘श्री.’च्या जागी ‘कै.’ गेलं,
माझ्या नजरेखालून, माझ्या सहीनिशी.
सकाळी स्वतः टेमकर जिना चढून आले,
धाप लागलेली, अंगात सत्काराचा नवा कोट.
म्हणाले, काही नाही, दाखवायला आलोय.
मालकांनी माफीचा मजकूर मलाच लिहायला लावला.
मी त्यात ‘दिलगीर’ लिहिलं.
स्वतःसाठी शब्द बरोबर मऊ सापडतो.
टेमकरांनी चहा मागितला,
बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश प्याले.
तेवढा वेळ मी उभा.

खरटमल रबाळ्याला मशिनवर होता.
कंपनीला कुलूप लागलं
त्याची दोन ओळींचीही बातमी आली नाही.
त्याची बायको जिन्यात भेटली
की आधी भिंतीकडे सरकते,
हातात काही नसलं तरी पदर सावरते.

मी चेंदवणकरांना म्हटलं, वाक्य फिरवू का?
‘संस्थेने खरटमल कुटुंबावर नामुष्की आणली आहे.’
कर्ता सापडतो. व्याकरण पक्कं होतं.
ते हसले. तसे वाईट नाहीत,
माझ्या ऑपरेशनच्या वेळी दोन रात्री
हॉस्पिटलच्या बाकावर झोपलेत.
काका, म्हणाले, तुम्ही फक्त काना-मात्रा बघा.

बघितल्या.
संस्थेवरचा अनुस्वार जागेवर होता.
कागद परत दिला.

सकाळी दूध घेऊन येत होतो.
फलकाशी कृत्तिका उभी, बी-अकराची,
तिसरीतली, पाठीवर दप्तर, काचेवर बोट.
आपलं आडनाव सापडल्याचा आनंद
अजून पुरता ओसरला नव्हता चेहऱ्यावरून.
ना, मु, वाचलं तिने, आणि अडली.
काका, हा षटकोनातला ना?
हो.
बरोबर लिहिलंय?

पिशवीचे गार थेंब पायावर पडत होते.
बरोबर आहे, मी म्हटलं.
मी तपासलंय, हे नाही म्हटलं.